अमेरिकेतल्या चार्टर शाळा : पैसा मुलाबरोबर जातो, खर्च मागे राहतो

काटेकोर

अमेरिकेतल्या चार्टर शाळांबद्दल आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक, सरकारी शाळांचं खासगीकरण. दुसरा, गरिबाच्या मुलाला मिळालेली निवड. व्यवस्था प्रत्यक्षात चालते कशी हे मात्र फारसं कोणी सांगत नाही, आणि ते कळल्याशिवाय वाद कशावरून पेटतो ते समजत नाही. म्हणून हा धागा.

चार्टर शाळा फी घेत नाही. सरकारी पैशावर चालते, पण स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, रोजच्या कारभाराबाहेर. तिचं स्वतंत्र संचालक मंडळ असतं आणि ते एका ऑथोरायझरशी, म्हणजे शाळेला परवानगी देणाऱ्या आणि तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेशी, मुदतीचा करार करतं. ऑथोरायझर कोण, हे राज्याचा कायदा ठरवतो : कुठे डिस्ट्रिक्ट, कुठे राज्याचं मंडळ, कुठे विद्यापीठ, मिनेसोटात तर स्वयंसेवी संस्थासुद्धा. करार बहुतेक ठिकाणी ५ वर्षांच्या आसपासचा, ॲरिझोना आणि वॉशिंग्टन डीसीत १५ वर्षांचा. मुदत संपली की निकाल, हिशेब आणि पट बघून नूतनीकरण होतं किंवा शाळेला कुलूप लागतं. प्रवेशपरीक्षा घेता येत नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढावी लागते.

१९८८ मध्ये ही कल्पना देशभर पोहोचवली ती शिक्षक संघटनेचे अध्यक्ष अल्बर्ट शँकर यांनी. शिक्षकांनीच व्यवस्थेच्या आत राहून नवे प्रयोग करावेत, असा त्यांचा हेतू होता. १९९१ मध्ये मिनेसोटाने पहिला कायदा केला, १९९२ मध्ये सेंट पॉल इथे पहिली शाळा उघडली. पुढे खासगी कंपन्या शिरताना दिसल्या तेव्हा शँकर स्वतःच विरोधात गेले.

२०२१-२२ मध्ये सुमारे ७,८०० चार्टर शाळांत ३७ लाखांच्या आसपास मुलं होती, म्हणजे सरकारी पटाच्या साधारण ७ टक्के. पण ही राष्ट्रीय सरासरी फसवी आहे. न्यू ऑर्लीन्समध्ये जवळपास सगळी मुलं चार्टरमध्ये, डीसीत निम्म्याच्या आसपास, फिलाडेल्फियात साधारण एक तृतीयांश, आणि कित्येक ग्रामीण डिस्ट्रिक्टांत एकही नाही. परिणाम मोजायचा तर शहर धरून मोजावा लागतो.

आता मूळ मुद्दा. एक प्राथमिक शाळा घ्या (आकडे फक्त समजण्यासाठी). बालवर्ग ते पाचवी, ६ इयत्ता, प्रत्येकी ३ तुकड्या, तुकडीत २४ मुलं. पट ४३२. जवळच चार्टर शाळा निघाली आणि ३६ मुलं तिकडे गेली. ती काही एकाच वर्गातून उठून जात नाहीत, दर तुकडीतून दोन-दोन जातात. तुकडी आता २२ ची. मुलामागे १२,००० डॉलर धरले तर ४,३२,००० डॉलर गेले. वाचलं काय? ३६ मुलांची पुस्तकं आणि जेवण. वर्गशिक्षक १८ लागत होते, अजूनही १८ च लागतात. मुख्याध्यापक, नर्स, बॉयलर, छताची डागडुजी, बसची फेरी सगळं जागच्या जागी. ३ तुकड्यांच्या २ करायच्या तर एकेका वर्गात ३३ मुलं कोंबावी लागतात. मग उरलेले पालकही दुसरी शाळा शोधायला लागतात.

माझं म्हणणं एवढंच : चार्टर शाळा चांगली की वाईट यापेक्षा, हा मधला खड्डा कोणी आणि किती वर्षं भरायचा, याचं उत्तर राज्याच्या कायद्यात आहे की नाही हा खरा प्रश्न आहे. जिथे उत्तर आहे तिथे वाद निवतो. जिथे नाही तिथे दोन्हीकडची मुलं भरडली जातात.

नदीकाठ

गणित बरोबर आहे, पण अर्धं. हीच ३६ मुलं आईवडिलांबरोबर उपनगरात राहायला गेली असती तरी तुकडी २२ चीच झाली असती. तेव्हा कोणी म्हणत नाही की उपनगरांमुळे सरकारी शिक्षण बुडालं. अमेरिकेत सुस्थितीतलं कुटुंब घर विकत घेतानाच शाळा निवडतं, कारण घराच्या पत्त्यावर शाळा ठरते. ज्याला ते घर परवडत नाही त्याला चार्टरच्या सोडतीतून पहिल्यांदा काही निवडता येतं. बोस्टन, न्यूयॉर्क, नेवार्क इथे प्रतीक्षायादीत कोण असतं ते बघा : बहुतांश कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कुटुंबं.

शिवाय चार्टरला सहसा इमारत मिळत नाही. डिस्ट्रिक्ट कर लावू शकतं, मतदारांच्या मंजुरीने रोखे काढून शाळा बांधू शकतं. चार्टरला तो अधिकार नाही. भाडं मुलामागे मिळणाऱ्या पैशातूनच काढावं लागतं. कॅलिफोर्नियात २००० च्या प्रपोझिशन ३९ नुसार डिस्ट्रिक्टने आपल्या मुलांसारखीच वाजवी जागा चार्टरच्या मुलांना द्यायची असते, न्यूयॉर्क शहरात २०१४ पासून नव्या किंवा वाढणाऱ्या चार्टरला जागा किंवा भाड्याची मदत. बाकी बऱ्याच ठिकाणी ज्याचं त्याने बघायचं.

काटेकोर

उपनगराचा मुद्दा मान्य, पण एक फरक आहे. कुटुंब शहर सोडून गेलं तर त्या मुलाची कसलीच जबाबदारी डिस्ट्रिक्टवर उरत नाही. चार्टरमध्ये गेलेलं मूल गावातच असतं, आणि चार्टर अर्ध्या वर्षात बंद पडली तर दुसऱ्या दिवशी त्याला वर्गात घेणं डिस्ट्रिक्टला भाग आहे. रिकामी बाकं ठेवायची तर पैसे नाहीत, आणि कमी करायची तर परत आलेल्याला बसवायचं कुठे?

गणिती

संशोधनाबद्दल लिहितो, कारण दोन्ही बाजू सोयीचा आकडा उचलतात.

सर्वांत जास्त उद्धृत होतात ते स्टॅनफर्डच्या क्रेडो केंद्राचे अहवाल. २००९ मध्ये त्यांना गणितात १७ टक्के चार्टर शाळा तुलनेच्या सरकारी शाळांपेक्षा सरस, ३७ टक्के कमी आणि ४६ टक्के सारख्या आढळल्या. २०२३ च्या अहवालात सरासरी चार्टर विद्यार्थी वाचनात वर्षाला १६ दिवस आणि गणितात ६ दिवस पुढे निघाला. मथळ्यात 'दिवस' मोठे वाटतात. मूळ आकडा बघा : वाचनात ०.०२८ प्रमाण विचलन (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप), गणितात ०.०११. त्याला एका ठरावीक गुणकाने गुणून दिवस काढलेले आहेत. फरक खरा आहे, पण इवलासा.

पद्धतही समजून घ्यावी. क्रेडो चार्टरमधल्या मुलाला शेजारच्या सरकारी शाळेतली त्याच इयत्तेची, त्याच आर्थिक-सामाजिक गटातली आणि आधीचे गुण सारखे असलेली मुलं जोडीला शोधते. यात पालकांची धडपड मोजली जात नाही. जो बाप अर्ज भरायला, सभेला जायला वेळ काढतो, त्याचं मूल कुठेही थोडं पुढे जाण्याची शक्यता असते.

ही अडचण सोडतीवरचे अभ्यास टाळतात. अर्ज दोघांनीही केला, एकाचं नाव निघालं, दुसऱ्याचं नाही, आणि मग दोघांची वर्षानुवर्षं तुलना. बोस्टनमध्ये अशा अभ्यासांत चार्टरच्या मुलांची गणितात आणि वाचनात भरघोस वाढ दिसली. हे अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधनातल्या भक्कम निष्कर्षांपैकी एक आहे, त्यावर टीकाकारांनी डोळेझाक करू नये. पण त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये शहराबाहेरच्या चार्टरचा परिणाम शून्य किंवा उणे निघाला. आणि सोडतीचा अभ्यास फक्त जिथे अर्ज जास्त येतात तिथेच करता येतो. ज्या शाळेत जागा रिकाम्या राहतात ती या अभ्यासात येतच नाही.

ऑनलाइन चार्टरबद्दल मात्र वाद घालण्याजोगं काही उरलेलं नाही. क्रेडोच्याच २०१५ च्या अभ्यासात ही मुलं गणितात १८० आणि वाचनात ७२ दिवसांनी मागे होती. शाळेचं वर्षच साधारण १८० दिवसांचं असतं.

रानवारा

गणिती, नेमका प्रतिसाद. 'चार्टरने फायदा होतो का' असा एकच प्रश्न विचारणंच चूक आहे हे पटलं.

ताळेबंद

खर्चाच्या खड्ड्याबद्दल थोडं सविस्तर.

नॉर्थ कॅरोलायनातल्या डरॅम शहराच्या अभ्यासात चार्टरमुळे डिस्ट्रिक्टवर पडणारा निव्वळ बोजा सरकारी शाळेत उरलेल्या दर मुलामागे वर्षाला साधारण ५०० ते ७०० डॉलर निघाला. कॅलिफोर्नियात ओकलंडसाठी २०१८ मधल्या एका अहवालाने वर्षाला ५.७३ कोटी डॉलरचा अंदाज दिला. तो अहवाल चार्टरच्या विरोधातल्या संस्थेचा होता, त्यामुळे आकड्यावर वाद झाला, पण हिशेबाची दिशा दोन्हीकडे एकच आहे. २०१३ मध्ये मूडीज या पतमापन संस्थेनेही बजावलं होतं की आर्थिकदृष्ट्या कमकुवत शहरांत चार्टरच्या वाढीने डिस्ट्रिक्टची पत धोक्यात येऊ शकते.

खर्च उतरतो, पण पायऱ्यापायऱ्यांनी. १ मूल गेलं तर काहीच वाचत नाही. एकाच इयत्तेतली २०-२५ गेली तर एक शिक्षक. चार-पाचशे गेली तर एक इमारत, तीही बंद करायला जाहीर सुनावण्या, पालकांचा विरोध आणि मतदानात दोन वर्षं जातात. निवृत्त शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाची जुनी देणी आणि इमारतींचं कर्ज तर पटावर अवलंबूनच नसतं.

यावर मॅसॅच्युसेट्सने केलेली सोय मला सर्वांत समंजस वाटते. चार्टरला द्यायची रक्कम एखाद्या वर्षी वाढली की राज्य त्या वाढीचे १०० टक्के पहिल्या वर्षी, ६० टक्के दुसऱ्या आणि ४० टक्के तिसऱ्या वर्षी डिस्ट्रिक्टला परत देतं. हे २०१९ च्या कायद्याने ठरलं. त्याआधीचं सूत्र कागदावर याहून उदार होतं, पण विधिमंडळ दरवर्षी पूर्ण तरतूद करत नसे, त्यामुळे डिस्ट्रिक्टच्या अंदाजपत्रकात भरवशाचं काहीच नव्हतं. दुसरी बाजू मर्यादेची : डिस्ट्रिक्टच्या शालेय खर्चाच्या ९ टक्क्यांपर्यंतच रक्कम चार्टरकडे जाऊ शकते, सर्वांत कमकुवत निकालाच्या डिस्ट्रिक्टांत १८ टक्के. २०१६ मध्ये ही मर्यादा ओलांडून वर्षाला १२ नव्या चार्टर काढू देण्याचा प्रस्ताव मतदानाला आला, तेव्हा सुमारे ६२ टक्के मतदारांनी तो फेटाळला. ज्या राज्यात चार्टरचे निकाल देशात अव्वल, तिथे हे झालं. मतदार निकालावर नाही, पैशावर बोलत होते.

आणखी एक बारकावा. पट कधी मोजतात यावर बरंच अवलंबून असतं. मिशिगनमध्ये ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारची मोजणी मुख्य, अनुदानाचा ९० टक्के भाग तिच्यावर ठरतो. मोजणीनंतर चार्टर सोडून परत आलेल्या मुलाचा पैसा त्याच्याबरोबर पूर्ण आणि वेळेवर येईलच असं नाही. कॅलिफोर्नियात रोजच्या सरासरी हजेरीवर पैसे, त्यामुळे तिथे गैरहजेरीच थेट नुकसान.

नदीकाठ

ताळेबंद, मॅसॅच्युसेट्सचंच उदाहरण घेतलंत म्हणून सांगते. २०११ नंतर तिथे चार्टरची मर्यादा सैल झाल्यावर ज्या डिस्ट्रिक्टांतून मुलं गेली, त्यांच्या उरलेल्या मुलांचं नुकसान अभ्यासात दिसलं नाही. भरपाईमुळे दर मुलामागचा खर्च उलट वाढला आणि त्याचा मोठा भाग वर्गातल्या शिकवण्याकडे वळला. म्हणजे नीट कायदा केला तर दोन्ही नांदतात. तुमचा रोख चार्टरवर आहे, माझा राज्याच्या विधिमंडळावर.

ताळेबंद

माझाही विधिमंडळावरच आहे. फरक असा की भरपाई आधी, विस्तार नंतर, हा क्रम मला हवा.

अबोली

विशेष शिक्षणाबद्दल कोणीच लिहिलं नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे.

अपंगत्व असलेल्या मुलाला वैयक्तिक शिक्षण आराखडा आणि त्यात लिहिलेल्या सेवा द्यायच्या, ही केंद्रीय कायद्याची सक्ती चार्टरलाही आहे. तरी २०१२ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण संस्थेने मोजलं तेव्हा पारंपरिक सरकारी शाळांत अशी मुलं ११ टक्के, चार्टरमध्ये ८ टक्के होती. खरा फरक तीव्रतेत असतो. वाचादोष किंवा सौम्य अध्ययन अक्षमता असलेली मुलं चार्टरमध्ये जातात, पूर्णवेळ मदतनीस लागणारी बहुतांश डिस्ट्रिक्टकडे राहतात.

कारण नेहमी दुष्टपणाचं नसतं. २०० मुलांची शाळा स्वतःच कायद्याने स्वतंत्र डिस्ट्रिक्ट मानली गेली, तर वाचाउपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ सगळे तिनेच आणायचे. तीव्र गरज असलेलं एकच मूल आलं तर एका शिक्षकाच्या पगाराहून जास्त खर्च. मग पालकांना हळूच सांगितलं जातं की 'तुमच्या मुलाला आमच्याकडे न्याय मिळणार नाही'. हे बेकायदा आहे, पण लेखी काही नसतं. यावर उपाय म्हणजे अनेक शाळांनी मिळून तज्ज्ञ ठेवणं आणि जोखमीचा सामाईक निधी. कॅलिफोर्नियात चार्टर शाळांना विशेष शिक्षणाच्या प्रादेशिक गटात सामील होता येतं.

डिस्ट्रिक्टने विशेष मुलामागे चार्टरला किती द्यायचं, याचं पेनसिल्व्हेनियाचं सूत्र मात्र मुळातच वाकडं होतं, आणि ते वर्षानुवर्षं तसंच चाललं. डिस्ट्रिक्टने विशेष शिक्षणावर केलेला एकूण खर्च घ्यायचा आणि त्याला खऱ्या विशेष मुलांच्या संख्येने न भागता एकूण पटाच्या १६ टक्क्यांनी भागायचं. समजा पट १०,०००, खर्च ३ कोटी डॉलर, आणि विशेष मुलं प्रत्यक्षात २,०००. खरी सरासरी १५,००० डॉलर. सूत्राने १,६०० ने भागलं की १८,७५०. मुलामागे डिस्ट्रिक्ट चार्टरला देतं ती नेहमीची रक्कम वेगळी, ही तिच्यावर. आणि ही सरासरी सौम्य वाचादोषाच्या मुलालाही तेवढीच लागू. जेवढा डिस्ट्रिक्ट तीव्र गरजेच्या मुलांवर जास्त खर्च करतो, तेवढी चार्टरला द्यायची रक्कम फुगते.

चेस्टर अपलँड या गरीब डिस्ट्रिक्टचं यामुळे कंबरडं मोडलं. निम्म्याहून जास्त मुलं चार्टरमध्ये, आणि २०१५ च्या सुमाराला विशेष मुलामागे चार्टरला द्यायचा दर वर्षाला ४०,००० डॉलरच्या घरात पोहोचला होता. न्यायालयापर्यंत जाऊन तो दर खाली आणावा लागला. चार्टर शाळांनी नियम मोडला नव्हता. नियमच तसा होता.

रानवारा

न्यू ऑर्लीन्सचा उल्लेख वर आलाय, पण ते गाव वेगळं समजून घ्यायला हवं, कारण जगभरचे चार्टर-समर्थक तेच उदाहरण देतात.

२००५ च्या कत्रिना वादळानंतर राज्याने शहरातल्या बहुतेक शाळा आपल्या रिकव्हरी स्कूल डिस्ट्रिक्टच्या ताब्यात घेतल्या आणि एकेक करून चार्टर संस्थांना दिल्या. सात हजारांहून अधिक शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना एका फटक्यात नोकरीवरून काढलं. त्यात कृष्णवर्णीय शिक्षिकांचा मोठा भाग होता, शहराच्या मध्यमवर्गाचा तो कणा होता. नव्याने आलेले बरेच जण तरुण, बाहेरगावचे आणि कमी अनुभवाचे.

निकाल सुधारले, हे ट्यूलेन विद्यापीठाच्या वर्षानुवर्षांच्या संशोधनात स्पष्ट आहे : चाचण्यांचे गुण वाढले, शाळा पूर्ण करणाऱ्यांचं आणि कॉलेजला जाणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. पण कशामुळे? शाळा 'चार्टर' झाल्या म्हणून नव्हे. मोठा वाटा होता कमकुवत शाळा निर्दयपणे बंद करून त्या दुसऱ्या संस्थेला देण्याचा, आणि मुलामागचा खर्चही वाढला होता.

आणि सुरुवातीला काय चुकलं ते बघा. प्रत्येक शाळेचा अर्ज वेगळा, मुदत वेगळी. मुलाला काढून टाकायचे नियम वेगळे. विशेष गरजांच्या मुलांना शाळा परत पाठवत. २०१० मध्ये त्यावर खटला झाला, तडजोडीचा हुकूम २०१५ मध्ये निघाला. दरम्यान २०१२ पासून एकच सामाईक अर्ज, एकच सोडत, आणि हकालपट्टीची सुनावणी शाळेबाहेरच्या एकाच कार्यालयात. म्हणजे शहराला हळूहळू मध्यवर्ती यंत्रणा पुन्हा उभारावी लागली. २०१८ मध्ये शाळा स्थानिक मंडळाकडे परत आल्या आणि २०२४ मध्ये मंडळाने स्वतः चालवायची एक शाळा पुन्हा सुरू केली.

विदर्भवासी

एक प्रश्न. या शाळा कंपन्या चालवतात म्हणतात, मग नफा कुठून काढतात? फी तर नाही.

ताळेबंद

बहुतेक राज्यांत चार्टरचा करार ना-नफा मंडळाच्या नावावरच असतो. नफा काढायच्या तीन वाटा आहेत.

पहिली, व्यवस्थापन करार. मंडळ कंपनीला शाळा चालवायला देतं. काही करारांत शाळेच्या उत्पन्नाचे ९५ टक्के किंवा त्याहून जास्त थेट कंपनीकडे जातात आणि शिक्षकांचे पगारही तीच देते. मग लेखापरीक्षणात एकच ओळ दिसते : 'व्यवस्थापन सेवा'. आत किती पगार, किती नफा, ते जनतेला दिसत नाही. मिशिगनमध्ये अशा कंपन्यांचं प्रमाण फार आहे.

दुसरी, जागा. कंपनीची भगिनी संस्था इमारत विकत घेते आणि शाळेला चढ्या भाड्याने देते. भाडं सरकारी पैशातून, इमारत मात्र कंपनीची. शाळा बंद पडली तरी इमारत तिच्याकडेच.

तिसरी, सामान. ओहायोत व्हाइट हॅट या कंपनीने सरकारी पैशातून बाकं, संगणक घेतले. शाळांच्या मंडळांनी कंपनी बदलायची म्हटल्यावर कंपनी म्हणाली, सामान आमचं, हवं तर विकत घ्या. २०१५ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने करार वाचून तेच मान्य केलं, कारण मंडळांनी सही करताना ते कलम मान्य केलेलं होतं.

याच ओहायोत ईकॉट ही प्रचंड ऑनलाइन चार्टर होती. २०१५-१६ साठी तिने सुमारे १५,३०० पूर्णवेळ मुलं दाखवली. राज्याने लॉगिनचा वेळ तपासला तेव्हा सुमारे ६,३०० मुलांचीच नोंद ग्राह्य धरता आली. पैसे परत मागितल्यावर जानेवारी २०१८ मध्ये, ऐन शालेय वर्षात ती बंद झाली आणि सुमारे १२,००० मुलांना शाळा शोधावी लागली. कॅलिफोर्नियात २०१९ मध्ये ए-थ्री या ऑनलाइन चार्टर शाळांच्या जाळ्याच्या प्रकरणात ११ जणांविरुद्ध आरोपपत्र निघालं. क्रीडासंघांकडून मुलांची नावं मिळवून पट फुगवला होता. राज्याकडून गेलेली रक्कम ४० कोटी डॉलरच्या आसपास. प्रमुख आरोपींनी २०२१ मध्ये गुन्हा कबूल केला.

नदीकाठ

ही सगळी उदाहरणं खरी आहेत आणि यांचं समर्थन कोणी करू नये. पण ईकॉटला इतकी वर्षं चालू कोणी दिलं? ऑथोरायझरला दर मुलामागे शुल्क मिळतं. शाळा बंद केली तर त्याचंच उत्पन्न बुडतं. मॅसॅच्युसेट्समध्ये एकच राज्य मंडळ करार देतं, बंदही करतं. मिनेसोटा, ओहायो, मिशिगनमध्ये अनेक ऑथोरायझर. एकाने नाकारलं की शाळा दुसऱ्याच्या दारात. निकालांतला फरक बराचसा इथे सापडेल.

कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये केलेला बदलही लक्षात घ्यावा. अर्ज आल्यावर ६० दिवसांत जाहीर सुनावणी, ९० दिवसांत निर्णय. आणि आता डिस्ट्रिक्ट आर्थिक संकटात असेल तर त्या कारणावरूनही नवी चार्टर नाकारता येते. त्याआधी हे कारणच ग्राह्य नव्हतं.

पाटीपेन्सिल

चांगली चर्चा. आपल्या अनुदानित शाळा म्हणजे चार्टरच नाहीत का? संस्था खासगी, पगार सरकारचा.

काटेकोर

वरवर तसं दिसतं, पण पैशाची आणि नोकरीची रचना उलटी आहे. आपल्याकडे वेतन अनुदान मंजूर पदांवर मिळतं आणि पदं संचमान्यतेने, म्हणजे पट बघून, ठरतात. थेट दर मुलामागे रक्कम जात नाही. पट घसरला तर शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याचं समायोजन दुसऱ्या शाळेत होतं. १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याचं संरक्षण त्याला आहे. चार्टरमधल्या शिक्षकाला बहुधा एकेका वर्षाचा करार. संघटना असलेल्या चार्टर थोड्याच आहेत. चार्टर साखळीतल्या शिक्षकांचा देशातला पहिला संप शिकागोत डिसेंबर २०१८ मध्ये झाला. आणि आपल्या अनुदानित शाळेला ५ वर्षांनी निकाल दाखवून करार टिकवायचा नसतो.

चार्टरच्या सर्वांत जवळचं आपल्याकडे काही असेल तर मुंबई-पुण्यातल्या महापालिकेच्या इमारतीत आकांक्षा किंवा मुक्तांगणसारख्या संस्था चालवतात त्या शाळा. इमारत पालिकेची, शिक्षक संस्थेचे, फी नाही. पण संस्थेच्या शिक्षकांचा पगार देणगीदारांच्या आधाराने चालतो, त्यामुळे वाढीला तिथेच लगाम बसतो.

सप्टेंबर २०२३ च्या दत्तक शाळा योजनेची चार्टरशी गल्लत करू नये. तिथे देणगीदार वस्तू आणि सेवा देतो, 'अ' आणि 'ब' वर्ग महापालिका क्षेत्रात ५ वर्षांसाठी २ कोटी किंवा १० वर्षांसाठी ३ कोटी रुपयांच्या, आणि शाळेच्या नावापुढे आपलं नाव लावू शकतो. कारभार त्याच्या हाती जात नाही.

पटाचा खड्डा मात्र दोन्हीकडे सारखाच. जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुलं इंग्रजी माध्यमाच्या बसमध्ये बसली की दोन शिक्षकांवर पाच इयत्ता येतात. आपल्याकडे मुलाबरोबर पैसा जात नाही, शिक्षकाचं पद जातं.

विदर्भवासी

समजलं. शेवटचं विचारतो : फिनिक्स, ऑस्टिन, सॅन अँटोनियोकडे जाणाऱ्या मराठी कुटुंबांत बेसिससारख्या चार्टर शाळांचं फार आकर्षण असतं. प्रवेश घेण्याआधी नेमकं काय तपासावं?

अबोली

बेसिस १९९८ मध्ये टूसॉनला सुरू झाली, लवकर सुरू होणारा अवघड अभ्यासक्रम ही तिची ओळख. कोणतीही चार्टर असो, या गोष्टी बघा.

करार कोणत्या वर्षी संपतो आणि मागच्या नूतनीकरणात ऑथोरायझरने कोणत्या अटी घातल्या. हे ऑथोरायझरच्या संकेतस्थळावर असतं, शाळेला विचारायचीही गरज नाही.

इयत्तावार पट. सहावीत १२० आणि अकरावीत ४० असतील तर मधली मुलं गेली कुठे, आणि रिकाम्या जागा भरतात का? न्यूयॉर्कच्या सक्सेस ॲकॅडमीने चौथीनंतर नवीन मुलं न घेण्याचं धोरण ठेवलं होतं. अशा ठिकाणी वरच्या वर्गाचे निकाल टिकून राहिलेल्यांचेच असतात. ते चांगले दिसले म्हणून तुमच्या मुलाला तेवढाच फायदा होईल असं नाही.

बस आणि जेवण. ॲरिझोनात चार्टरवर बस चालवण्याची सक्ती नाही. दोघंही नोकरी करत असाल तर सकाळ-दुपारची ने-आण आधी ठरवा.

मुलाला वैयक्तिक शिक्षण आराखड्यातल्या सेवा लागत असतील तर त्या कोण देणार, आठवड्याला किती मिनिटं आणि समोर बसून की पडद्यावर, हे लेखी घ्या. तोंडी आश्वासन धरू नका.

ताळेबंद

अबोलींच्या यादीत माझी भर. लेखापरीक्षण अहवाल मागवा, तो सार्वजनिक असतो. त्यात 'संबंधित पक्षांशी व्यवहार' अशी टीप असते, आधी ती वाचा : भाडं कोणाला, व्यवस्थापन शुल्क कोणाला, आणि मंडळावर तेच लोक आहेत का. मग भाड्याचा एकूण उत्पन्नाशी असलेला वाटा काढा.

नवी शाळा असेल तर पहिल्या वर्षाचा अंदाजित पट आणि प्रत्यक्ष पट ताडून बघा. १८० मुलं धरून भाड्याचा करार केला आणि १२० च आली तर हिवाळ्यापर्यंत कला, संगीत आणि एखादा शिक्षक कमी होतो. चार्टर बंद पडतात त्या निकालांपेक्षा अशा पैशाच्या ओढाताणीने जास्त.

आणि जवळच्या सरकारी शाळेतली जागा सोडण्याआधी डिस्ट्रिक्टच्या नोंदणी कार्यालयात विचारा की वर्षाच्या मध्यात परत आलात तर त्याच शाळेत घेतील की जिथे जागा असेल तिथे. बऱ्याच ठिकाणी पत्त्यावरची शाळा भरलेली असेल तर दुसरीकडे पाठवतात, आणि ती दुसरी शाळा बसच्या मार्गावर असेलच असं नाही.